वाचलेला वेळ गेला कुठे?

साधा यंत्रमाग मिनिटाला साधारण १४० वेळा धोटा फेकतो. लाकडी दांडा फटका मारतो, दोन्ही टोकांना निमुळता असलेला धोटा उभ्या धाग्यांच्या फटीतून सणकन जातो, पलीकडच्या पेटीत आदळतो आणि लगेच तिकडचा दांडा त्याला परत पाठवतो. दर फेकीला कापडात एक आडवा धागा पडतो. इंचाला ५६ आडवे धागे असलेले साधे सुती कापड धरले, तर मिनिटाला अडीच इंच आणि तासाला पावणेचार मीटरच्या आसपास कापड होते. बारा तासांच्या पाळीत धागे तुटतात, धोट्यातल्या सुताच्या कांड्या बदलाव्या लागतात. तो वेळ वजा करून एका मागाचे ३६ मीटर धरू. भिवंडीत एक कामगार असे सहा माग सहज सांभाळतो. म्हणजे पाळीमागे २१६ मीटर, ऐंशी-नव्वद सदऱ्यांचे कापड. हातमागावरचा विणकर याच प्रतीचे कापड दिवसभरात सहा मीटर विणू शकला तरी पुष्कळ झाले.

म्हणजे एका माणसाच्या हातून छत्तीस माणसांचे काम होते. पस्तीस माणसांचा दिवस वाचला. शास्त्राने आणि यंत्राने माणसाला काय दिले, हे सांगताना आपण नेमके इथेच थांबतो. मला वाटते, खरा हिशेब इथून पुढे सुरू होतो. तो वाचलेला दिवस गेला कुठे? कोणाला मिळाला? आणि छत्तिसावा माणूस, जो अजून मागापाशी उभा आहे, त्याच्या वाट्याला त्यातले काय आले?

आधी फायद्याचे बोलू, कारण तो खरा आहे आणि मोठा आहे. कपड्यांच्या एका जोडीवर वर्ष काढणारी, ती ओली असताना बाहेर न पडू शकणारी माणसे या देशात कोट्यवधी होती. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत गांधीजींनी पंचा स्वीकारला, त्यामागे अंगभर कापड ज्यांना परवडत नाही त्यांची आठवण होती. आज महाराष्ट्रातल्या अगदी गरीब घरातही दोरीवर बदलायचे कपडे वाळत असतात. देशातले निम्म्याहून जास्त कापड यंत्रमागांवर विणले जाते. अस्तर, चादर, लुंगी, शाळेचा गणवेश, पिशवी, रुग्णालयातले बँडेज, असे आपल्या अंगावरचे आणि घरातले किती कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी किंवा सोलापूरहून आले, हे आपण कधी विचारतही नाही. कापड स्वस्त होणे ही लहान गोष्ट नव्हे. यंत्राला सरसकट नावे ठेवणाऱ्याने आधी हातमागावरच्या सहा मीटरांची आणि त्या भावात मिळणाऱ्या कापडाची आठवण ठेवावी.

भिवंडीला विणकाम यंत्राच्या आधीपासून ठाऊक होते. १८५७ नंतरच्या काळात उत्तर प्रदेशातून विणकर मोमीन कुटुंबे इथे येऊन स्थिरावली आणि त्यांनी हातमाग मांडले. १९३० च्या दशकात यंत्रमाग आले. पुढे तेलुगू पद्मशाली विणकर आले, त्यांचे पद्मानगर आजही आहे. मागोमाग उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून कामगार येत राहिले. शहरात आणि आसपास सहा लाखांच्या घरात माग आहेत, असे साधारणपणे सांगितले जाते. गल्लीत तळमजल्यावर कारखाना, वर माणसे, शेजारी भिस्सी म्हणजे कामगारांची खानावळ, आणि या सगळ्यातून रात्रंदिवस चालणारी खटखट. भिवंडीचा माणूस झोपेतही ती ऐकतो. वीज गेली की तो दचकून जागा होतो, कारण अचानक शांत झालेले असते.

यंत्राचा धोका यंत्रातच असतो की आणखी कुठे, याचे उत्तर भिवंडीने स्वतःच दिले आहे. ते सहज मिळणारे उत्तर नाही, म्हणून जरा थांबून पाहू. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. गिरण्यांची घसरण त्याआधीच सुरू झाली होती. कापड विणण्याचे काम हळूहळू यंत्रमागांकडे सरकत होते. संपाने तो वेग कैक पटींनी वाढवला. गिरण्या थंडावल्या आणि त्यांचे जुने माग भंगाराच्या नाहीतर दुसऱ्या हाताच्या भावाने विकले गेले. त्यातले पुष्कळ भिवंडीत आले. लालबाग-परळमधून निघालेला माग काही तासांत टेम्पोतून भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोहोचला.

माग तोच होता. धोटा तोच, दांडा तोच, मिनिटाच्या फेकी त्याच. पण गिरणीत त्या मागावर काम करणाऱ्याची पाळी आठ तासांची होती, त्याला भविष्यनिर्वाह निधी होता, राज्य कामगार विम्याचे कार्ड होते, रजा होती, बोनस होता, भांडायला युनियन होती. भिवंडीत तोच माग बारा तासांच्या दोन पाळ्यांवर चालू लागला. मजुरी मीटरवर. आजारी पडला तर त्या दिवसाची मजुरी गेली, वीज गेली तर त्या तासाची गेली. एकच यंत्र तीस-पस्तीस किलोमीटर सरकले आणि त्याच्या फायद्याची आणि धोक्याची वाटणी पार बदलली. लोखंडात काहीच बदलले नव्हते. बदलले होते ते त्याच्याभोवतीचे कायदे, करार आणि कामगाराची ताकद.

या बारा तासांचीही गोष्ट आहे, आणि ती आपल्याच मुलुखातली आहे. मुंबईच्या गिरण्या सुरुवातीला उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. अंधार हीच कामाची हद्द होती. नारायण मेघाजी लोखंडे ठाण्यात जन्मलेले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली, संघटना उभी केली, आणि त्यांच्या चळवळीमुळे १८९० च्या जूनमध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ज्या रविवारी आपण सगळे उशिरा उठतो, त्यामागे गिरणीतल्या माणसाची लढाई आहे. पण त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागायला लागले. विजेचा दिवा हा विज्ञानाचा केवढा मोठा उपकार. त्याने घरात अभ्यासाला उजेड दिला, रस्ता उजळला, शस्त्रक्रिया रात्रीही शक्य केली. गिरणीत मात्र त्याने सूर्याने घातलेली हद्द पुसून टाकली. दिवा लागताच दिवस लांबला. १९०५ च्या तेजीत काही गिरण्या पंधरा तासांपर्यंत चालू लागल्या. कामगार रस्त्यावर आले, सरकारने चौकशी समिती नेमली, मग आयोग नेमला, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर बांधला गेला.

१९११ मध्ये गुलामीत असलेल्या देशात जी कमाल मर्यादा ठरली, ती भिवंडीच्या कारखान्यात आजही नेहमीची पाळी आहे. मधल्या काळात कायदा पुढे गेला होता. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कारखाने कायद्यात दुरुस्ती मांडली आणि १९४६ मध्ये आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने तेच कायम केले. मात्र हा कायदा विजेवर चालणाऱ्या जागेत दहा किंवा जास्त कामगार असतील तरच तिला कारखाना म्हणत होता. भिवंडीतला कारखाना बहुधा छोटा. आठ-दहा-वीस मागांचा, हजेरीपटावर मोजकी नावे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कारखान्याच्या व्याख्येतला हा आकडा दहावरून वीस केला. छोट्या उद्योगाला कागदपत्रांचा त्रास कमी व्हावा, हे मला मान्य आहे. पण कामगारांची संख्या कमी असली म्हणून मागाचा आवाज कमी होत नाही.

आणि आवाजाबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवे, कारण तो दिसत नाही, त्याचे रक्त निघत नाही, त्याची बातमी होत नाही.

धोट्याचे माग चालणाऱ्या शेडमध्ये आवाज ९५ ते १०५ डेसिबेलच्या दरम्यान असतो. डेसिबेलची पट्टी आपल्या नेहमीच्या पट्टीसारखी सरळ नाही. तीन डेसिबेल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दसपट. म्हणून ९० आणि १०० यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो आणि कानाला मात्र भयंकर असतो. कारखान्यांसाठीच्या आपल्या नियमांत ९० डेसिबेलला दिवसाचे आठ तास चालतात. ९५ ला चारच, १०० ला फक्त दोन. आता भिवंडीचा कामगार पाहा. दोन तासांची मर्यादा असलेला आवाज तो बारा तास ऐकतो, आठवड्यातून सहा दिवस, पंधरा-वीस वर्षे.

आतल्या कानात शंखाच्या आकाराची पोकळी असते. तिच्यात पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाजाची लहर आली की त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. सतत मोठा आवाज पडत राहिला की त्या थकतात, वाकतात आणि शेवटी मरतात. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला घाला पडतो तो ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच पट्टीवर. म्हणून सुरुवातीला माणसाला आपण बहिरे होतोय असे वाटतच नाही. भोंगा ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो. पण स, श, फ, थ असली व्यंजने गळायला लागतात, शब्द ऐकू येतात आणि त्यांचा अर्थ लागत नाही. बायकामुलांचे बोलणे आधी पुसट होते, कारण त्यांचा आवाज उंच पट्टीचा. गावी फोन लावला की मुलगी काय म्हणते ते कळत नाही; माणूस फोन कानावर आणखी दाबतो आणि नेटवर्कला दोष देतो. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांतल्या बायका याच आवाजामुळे ओठ वाचायला शिकल्या होत्या आणि लांबून ओठ हलवूनच बोलत. त्यांच्याकडे त्याला खास नावही होते. भिवंडीतही मागांच्या मध्ये माणसे हाताच्या खुणांनीच बोलतात.

यावर उपाय फार मोठे नाहीत. फोमची कानात घालायची बोळी काही रुपयांना मिळते आणि नीट बसली तर १५ ते २५ डेसिबेल आवाज कापते. वर्षातून एकदा कानाची तपासणी करणे हे जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला अवघड नाही. तरी बोळी का वापरली जात नाही? घामाने ती निसटते, कान दुखतो, आणि जाणता विणकर मागाचा आवाज ऐकूनच त्याची तब्येत ओळखतो. आवाज दबला तर बिघाड कळत नाही, बिघाड कळला नाही तर तागा खराब, तागा खराब झाला तर मजुरी कापली जाते. म्हणजे नुसती बोळी वाटून भागणार नाही, बिघाडाची खबर दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने मिळायला हवी. आणि तो मार्ग शोधून काढलेला आहे, तोही जुना.

यात प्रत्येक उभ्या धाग्यावर पातळ पोलादाची, नखाएवढ्या रुंदीची, बोटभर लांब पट्टी लटकवलेली असते. तिला इथे ड्रॉपर म्हणतात. धागा ताठ आहे तोवर तो तिला उचलून धरतो. धागा तुटला की पट्टी खाली पडते, खालच्या दांडीला लागते आणि माग तिथल्या तिथे थांबतो. बस, एवढेच. ना संगणक, ना सेन्सर. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग पूर्ण केला, तो धागा तुटताच स्वतः थांबे आणि कांडी संपली की न थांबता धोटा बदले. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला विकले गेले आणि पुढे त्याच घराण्याने मोटारी बनवायला घेतल्या. शंभर वर्षांपूर्वी जे जपानी मागाला जमले, ते भिवंडीतल्या साध्या मागाला अजून पूर्णपणे मिळालेले नाही. साध्या मागांना असे भाग जोडण्यासाठी केंद्र सरकारने योजना आणली होती. १ एप्रिल २०१७ रोजी पॉवरटेक्स इंडिया ही योजना जाहीर झाली, तीही भिवंडीतूनच.

आता माझा मूळ प्रश्न इथे लावून पाहा. ड्रॉपर बसला. कामगाराचे डोळे धाग्यावर खिळून राहायची गरज उरली नाही. त्याला घटकाभर बसता येईल, पाणी पिता येईल, आवाजापासून चार पावले लांब उभे राहता येईल. शास्त्राने त्याचा वेळ वाचवला. आणि मग त्याला सहाऐवजी आठ माग दिले जातात, नाहीतर दहा. वाचलेला वेळ त्याच्या हातात पडायच्या आत दुसऱ्या मागाने गिळलेला असतो. मालक खलनायक आहे असे मी म्हणत नाही. भिवंडीतला छोटा मालक स्वतः व्यापाऱ्याच्या मीटरमागच्या दरावर जगतो, सुताचा भाव चढला की त्याचे माग बंद पडतात, कित्येकांनी माग भंगारात काढले आहेत. धोट्याशिवाय चालणारे नवे माग घ्यायची त्याची ऐपत नाही, आणि ज्याची ती आहे त्याने घेतले की गणित आणखी तीव्र होते. हवेच्या झोताने धागा फेकणारा माग मिनिटाला ७०० धागे टाकतो, म्हणजे साध्या मागाच्या पाचपट. कापड बिनचूक. पण तेवढ्याच कापडाला माणसे फार थोडी लागतात. सुटलेली माणसे कुठे जातील, हे त्या यंत्राच्या किमतीत कुठेच धरलेले नसते.

हा प्रश्न जुना आहे. १८११-१२ मध्ये इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या आसपास कामगारांनी मोजे विणण्याची यंत्रे फोडली. त्यांना इतिहासाने यंत्राचे अडाणी शत्रू ठरवून टाकले. प्रत्यक्षात ती यंत्रे त्यांच्या बापजाद्यांपासून चालत आलेली होती. ते फोडत होते ती यंत्रे मजुरी पाडणाऱ्या मालकांची. कवी बायरनने फेब्रुवारी १८१२ मध्ये सरदारांच्या सभागृहात त्यांची बाजू मांडली. तरी यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा देणारा कायदा त्याच वर्षी झाला.

आपल्याकडे हा वाद दोन मोठ्या माणसांनी चालवला. गांधीजी सरसकट यंत्रविरोधी होते हा गैरसमज आहे. १९२४ मध्ये त्यांनी शिवणयंत्राला उघड सूट दिली होती. त्यांची भीती होती ती मूठभरांनी लाखोंच्या पाठीवर बसण्याची. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात याला खणखणीत उत्तर दिले. माणसाला पशूच्या पातळीवरच्या कष्टातून सोडवायचे तर त्याला फुरसत हवी, फुरसत यंत्राशिवाय मिळणार नाही, आणि यंत्रामुळे जे वाईट होते त्याचा दोष यंत्राचा नसून यंत्राच्या लाभावर मोजक्यांची मालकी ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. मी या वादात आंबेडकरांच्या बाजूचा आहे. पण म्हणूनच भिवंडीसमोर उभे राहिले की त्यांनी घातलेली अट आठवते. फुरसत मिळाली तर यंत्र सार्थ. इथे छत्तीसपट काम झाले आणि फुरसतीचा एक तासही मिळाला नाही.

आंबेडकरांना माग किती जवळून ठाऊक होता, याचा एक दाखला आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी चांगली होती, पण अस्पृश्य कामगारांना तिथे घेत नसत. कारण कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाचे तोंड लागलेला धोटा दुसरा वापरी, आणि त्यात विटाळ होतो असे सवर्ण कामगार म्हणत. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. इकडे जातीचा अडसर. तिकडे इंग्लंड-अमेरिकेत तोंडाने ओढण्याच्या याच पद्धतीतून क्षय पसरतो म्हणून आरडाओरडा चालू होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये ती पद्धत बंद केली. हाताने सूत ओवता येईल असे धोटे तेव्हा मिळत होते. लँकेशायरमध्ये मात्र बंदीचा नियम यायला १९५२ उजाडले. विज्ञानाने उपाय दिला होता, तो चाळीस वर्षे कपाटात राहिला, कारण जुने धोटे अजून चालत होते आणि नव्यांना पैसे पडत होते.

याच्या उलट एक उदाहरण भिवंडीतच आहे. मागावर चढवण्याआधी उभ्या धाग्यांना खळ लावतात. त्याला सायझिंग म्हणतात, आणि त्यासाठी वाफ लागते, म्हणजे बॉयलर लागतो. बॉयलर हे कापडधंद्यातले सर्वांत भयंकर यंत्र. १८६३ मध्ये कलकत्त्यात एक बॉयलर फुटून माणसे मेली, पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला आणि १९२३ मध्ये साऱ्या देशासाठी. बॉयलरची नोंदणी, ठरावीक मुदतीची तपासणी, चालवणाऱ्याला प्रमाणपत्र. एवढे भयंकर यंत्र वस्तीजवळ ठेवणे या नियमांमुळेच शक्य झाले. मग कानाला असा कायदा का लागत नाही? माझे मत असे की बॉयलर फुटला तर भिंत मालकाचीही पडते, शेजाऱ्याचेही घर जाते. कान जातो तो एकट्या कामगाराचा, तोही चुपचाप, वीस वर्षांत. सुताच्या धुळीने छातीत भरणारा दमही तसाच, सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त जाणवणारा. जो धोका सर्वांवर येतो त्याला समाज लवकर लगाम घालतो. जो एकाच थरावर येतो त्याची सवय करून घेतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भिवंडीचे रूप पुन्हा बदलले. मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली, वळ, दापोडा या गावांत गोदामे उभी राहिली. मुंबईच्या जकातीबाहेरची जागा म्हणून माल इथे थांबू लागला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली, कारण तोवर घरबसल्या खरेदी सुरू झाली होती. ॲमेझॉनने २०१३ मध्ये भारतात विक्री सुरू केली ती भिवंडीजवळच्या गोदामातून. इथल्या आगरी, कुणबी शेतकऱ्यांच्या हातात भाड्याचा पैसा आला, त्यांची मुले शिकली, हे चांगलेच झाले. गोदामात तरुणाच्या हातात स्कॅनर असतो. तो कुठल्या कपाटातला माल उचलायचा हे सांगतो आणि किती वेळात उचलला हेही नोंदवतो. मागाला मोजण्यासाठी निदान कापड मोजावे लागे, इथे माणूसच थेट मोजला जातो. रसायनांच्या साठ्यांना लागणाऱ्या आगी तर इथे सवयीच्या झाल्या आहेत. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाडा इथे एक इमारत कोसळली. खाली गोदाम, वर कामगारांची कुटुंबे, गच्चीवर मोबाइलचा मनोरा. आठ जण गेले. मनोरा ज्यांच्या संभाषणासाठी होता ते सारे तालुकाभर पसरलेले होते. त्याच्याखाली झोपलेले मात्र मोजके होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आज जी चर्चा चालली आहे, तिच्यात पुणे-मुंबईचा सुशिक्षित माणूस पहिल्यांदाच तो प्रश्न विचारतो आहे जो भिवंडीच्या विणकराने नव्वद वर्षांपूर्वी विचारला होता: माझे काम यंत्राने केले तर माझे काय? प्रश्न योग्य आहे. तो स्वतःवर आल्यावरच सुचला, एवढेच.

नव्या तंत्राकडे पाहताना विचारायचे प्रश्न मला भिवंडीने शिकवले. यात कोणाचा वेळ वाचतो आणि तो कोणाच्या हाती जातो? धोका कोणाच्या अंगावर येतो, आणि नको म्हणायची सोय त्याला आहे का? धोका कमी करणारा उपाय आधीच कोणी शोधून ठेवला आहे का, आणि असेल तर तो कपाटात का आहे? मागाने किती मीटर कापड काढले याचा हिशेब रोज लिहिला जातो. शेडमध्ये किती डेसिबेल आवाज झाला याचा कुठेच नाही. आणि मोजमाप हेच तर विज्ञानाचे पहिले काम.

हे मोजमाप करायला परदेशी तज्ज्ञ लागणार नाहीत. ध्वनिमापक आता फोनमध्येही मिळतो. त्याची अचूकता थोडी कमी असली तरी ९० आणि १०० मधला फरक कळायला तो पुरेसा आहे. भिवंडीतल्या महाविद्यालयांत विज्ञान शाखा आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी मुलामुलींच्या घरातच कोणीतरी मागावर उभे असते. त्यांना माझी विनंती आहे. दर गल्लीतल्या चार शेडचा आवाज मोजा, कामगारांचे तास आणि मागांची संख्या लिहून घ्या, मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थांची मदत मागा, आणि तो तक्ता महापालिकेला, कामगार आयुक्तांना आणि मालकांच्या संघटनेला नेऊन द्या. सुरुवात आपल्या घरातल्या माणसाच्या कानाच्या तपासणीपासून करा.